तिसऱ्या सिलिंडरजवळचं वर्तुळ

बाईंनी गाडीची किल्ली पुढे केली तेव्हा वैद्याने नेहमीच्या सवयीने हात पुढे केला, आणि किल्ली त्याच्या हाताच्या अलीकडून वळून धाकट्या भावाच्या हातात पडली. झालं ते एवढंच. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या त्या बाईंना गॅरेजात कोणी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, आजही त्या हळूच म्हणाल्या, "या वेळी तुम्ही बघाल का?" हे धाकट्याला. मग वैद्याकडे वळून, "म्हणजे, तुम्हाला उगाच त्रास नको." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वैद्याचा हात अजून पुढेच होता. तो मागे घ्यावा तर घेतलेला दिसला असता, म्हणून त्याने तसाच बॉनेटवर नेला आणि तिथली धूळ पुसली. धूळ नव्हतीच. धाकटा म्हणाला, "हो हो, मी बघतो ना," आणि किल्ली खिशात टाकली.

वैद्य हे त्याचं नाव नव्हे. बाबांच्या वेळच्या कुणा गिऱ्हाइकाने ते ठेवलं होतं, कारण विशीतला हा मुलगा बंद गाडीच्या इंजिनवर तळवा टेकून डोळे मिटायचा आणि कुठे दुखतंय ते सांगायचा. गळती शोधणं ही त्याची खासियत. तेल गळो, पाणी गळो, दहा ठिकाणी फिरून आलेली गाडी शेवटी त्याच्यापुढे उभी राहायची. घरात मात्र तो दादा. बाबा गेल्यावर गॅरेज दोघा भावांचं झालं, पण धाकटा त्याला दादा म्हणायचा ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं, निदान वैद्याचा तसा समज होता. आणि आता बाईंची ही गाडी आठ महिन्यांत चौथ्यांदा दारात उभी होती. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवट पाणी, दर पंधरवड्याला भांडंभर कमी व्हायचं आणि खाली थेंब सापडायचा नाही. पहिल्या खेपेला त्याने एक होज पाइप बदलला, दुसऱ्या खेपेला रेडिएटरची टोपी, तिसऱ्या खेपेला अख्खा पंप. त्यानंतर एका दुपारी गाडी रस्त्यात तापून बंद पडली, बाईंचे ऐंशी वर्षांचे वडील दीड तास उन्हात मागच्या सीटवर बसून राहिले, आणि बाईंनी दुसऱ्या दिवशी येऊन फक्त एवढंच सांगितलं, "त्यांना जरा चक्कर आली होती, आता बरे आहेत."

त्या दिवशी वैद्यच बोलून गेला होता. बाई गेल्यावर हात पुसता पुसता म्हणाला, "मागे इंजिन उघडलं तेव्हा हेडचे बोल्ट मीच आवळले होते. माझाच हात चुकला असणार." धाकटा पाठमोरा होता. मग जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "होतं असं, दादा. वय झालं की हात पूर्वीसारखा राहत नाही. त्यात काय एवढं." इतक्या मायेने म्हणाला की वैद्याला भरून आलं. त्या दिवसापासून टॉर्कचा पाना, बोल्ट ठराविक जोराने आवळायचा तो लांब दांड्याचा पाना, भिंतीवर धाकट्याच्या बाजूच्या खिळ्याला लागला. कुणी लावला ते आठवत नाही. बहुतेक वैद्यानेच. मग इंजिनं उघडायची कामं आपोआप तिकडे गेली आणि त्याच्याकडे राहिल्या टोप्या, पट्टे आणि गिऱ्हाइकांना बसा म्हणणं. येत्या एक तारखेपासून त्याने पुढच्या खुर्चीत बसायचं, फोन घ्यायचे, असंही ठरलं होतं. धाकट्याने खुर्चीवर नवी गादीसुद्धा बसवून आणली होती.

"मी ब्रेकचं सामान घेऊन येतो, दुपार होईल," धाकटा आता म्हणाला. "या गाडीचं संध्याकाळी बघू. सध्या कूलंट भरून दिलं तरी चालेल. तू हात लावू नकोस दादा, बस निवांत." आणि स्कूटर काढून गेला. वैद्य गादीवर बसला. गादी मऊ होती आणि तीच त्याला बोचत होती. समोर बाईंची गाडी, बॉनेटवर त्याच्या तळव्याने पुसलेला चकचकीत पट्टा. किल्ली धाकट्याच्या खिशात गेली होती, पण बाई भोळ्या, दार उघडंच टाकून गेलेल्या. बॉनेटचा खटका ओढायला किल्ली लागत नाही. तो उठला. आपण उठलो हे त्याला बॉनेट वर गेल्यावर कळलं.

इंजिन गरम होतं. तापलेल्या रेडिएटरची टोपी उघडायची नाही हे कुणालाही ठाऊक असतं, पण थंड झालं हे ओळखायची बाबांची रीत वेगळी होती: हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणावर, तळवा टेकवायचा आणि तीस आकडे म्हणायचे, मध्ये हात उचलावासा वाटला तर परत जाऊन बसायचं. वैद्याने टेकवला आणि नवावर उचलला. परत जाऊन बसला. गेले तीन महिने तो सकाळी तोंड धुताना पाण्याने काठोकाठ भरलेला पेला उजव्या हातात धरून आरशासमोर उभा राहत असे. पाणी हलायचं नाही. पण तेवढ्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही, पेला धरणं वेगळं आणि बोल्ट आवळणं वेगळं. एकदा बायको दारात येऊन उभी राहिली होती. "अहो, कुणाच्या नावाने अर्घ्य देताय?" म्हणाली, आणि मग त्याचा चेहरा बघून आत गेली. डॉक्टरांकडेही जाऊन आला. त्यांनी बोटं वाकवून पाहिली, मनगट दाबलं, म्हणाले, काही नाही. काही नाही म्हटल्यावर तर त्याला जास्तच भीती वाटली. काही निघालं असतं तर निदान नाव तरी कळलं असतं.

दुसऱ्यांदा तळवा टेकवला आणि तीसपर्यंत टिकला. मग त्याने काम सुरू केलं, कुणी बघत नाही अशा मोकळेपणाने. जमिनीवर वर्तमानपत्राचे कोरडे कागद अंथरले, चाकापासून चाकापर्यंत, एकावर एक कड चढवून. रेडिएटर काठापर्यंत भरला, टोपीच्या जागी हातपंप बसवला आणि दाब चढवला. पंपाच्या घड्याळाचा काटा खुणेवर आणून सोडून दिला आणि वाट बघितली. काटा पडत होता, पण इतक्या हळू की नजर काढून परत लावली तरच कळावं. तो गाडीखाली सरपटला. प्रत्येक सांध्यावरून, क्लॅम्पवरून, पंपाच्या पोटाखालून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. कूलंटला एक गोडसर वास असतो, एकदा नाकात बसला की जन्मात विसरत नाही. कुठे वास नाही, ओल नाही. गाडीच्या आतल्या बाजूला पायाखालची सतरंजी दाबून पाहिली, तीही कोरडी. वीस मिनिटांनी कागद तपासले. वर्तमानपत्रातलं एक अक्षरसुद्धा फुटलं नव्हतं. म्हणजे पाणी बाहेर पडतच नव्हतं. इंजिन ते आतल्या आत पीत होतं. हे त्याला तिसऱ्या खेपेलाच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं. पण आत बघायचं म्हणजे आपल्याच हाताची चूक उघडी करून बघायची, आणि तेवढं धैर्य त्याच्यापाशी नव्हतं. म्हणून पंप बदलला होता. बाईंच्या वडिलांना उन्हात बसवलं ते या भित्रेपणाने. हे त्याने स्वतःशी पहिल्यांदाच कबूल केलं, गाडीखाली उताणं पडून.

चार प्लग काढले आणि फडक्यावर क्रमाने मांडले. पहिला, दुसरा आणि चौथा, तिघांची टोकं विटकरी, कोरडी, जशी असायला हवीत तशी. तिसऱ्याचं टोक पांढरंशुभ्र, जणू कुणी घासून धुऊन ठेवलंय. भोकातून टॉर्च मारला तर आत पिस्टनच्या डोक्यावर पाणी लकाकत होतं. म्हणजे हेड गेलं, किंवा हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधला पातळ थर, गास्केट. आठ महिन्यांपूर्वी या गाडीचं हेच काम झालं होतं आणि बोल्ट याच हातांनी आवळले होते. आता इथेच थांबून धाकट्याची वाट बघायची आणि त्याला सांगायचं, बाबा रे, तूच उघड. पण काटा पडताना बघितल्यापासून त्याच्या अंगात काहीतरी जागं झालं होतं. माझी चूक आहे ना, मग मीच बघणार, मला दुसऱ्याने दाखवायला नको. त्याने कूलंट काढून घेतलं, वरची नळकांडी सोडवली आणि धाकट्याच्या बाजूच्या खिळ्यावरून पाना काढला.

बोल्ट दहा. सोडताना कडेकडून मधे यायचं आणि आवळताना मधून कडेला जायचं, तीन फेऱ्यांत. बाबांच्या गॅरेजात हे काम एकट्याने करायचं नाही असा दंडक होता. एकाने पाना ओढायचा आणि दुसऱ्याने पान्यावरचं घड्याळ बघून आकडा म्हणायचा. ओढणाऱ्याने मान वळवून घड्याळाकडे बघायचं नाही. "मान वळवलीस तर पाना घसरेल," हे बाबांचं सांगायचं कारण. खरं कारण दोघा भावांना न सांगता कळलं होतं. त्याचंच पुढे घरचं वळण झालं: एकाने दुसऱ्याच्या हातात दिलेली वस्तू परत मोजायची नाही. बाहेरून आलेला प्रत्येक भाग वैद्य पट्टी लावून बघायचा, बाबांच्या मित्राकडून आलेलासुद्धा. धाकट्याने दिलेला कधी नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. तसं करणं म्हणजे भर पंगतीत भावाच्या ताटातला घास हुंगून बघण्यासारखं झालं असतं.

बोल्ट सोडताना त्याच्या लक्षात आलं की सगळे सारखेच घट्ट आहेत. एकही सैल नाही. हाताला हे कळत होतं आणि डोकं ते मान्य करत नव्हतं. आठ महिन्यांपूर्वीचा तो आठवडा आठवत होता. बाईंची गाडी तापून आली होती, त्याने हेड उतरवलं होतं, पट्टी लावून पाहिलं होतं. तिसऱ्या सिलिंडरजवळ पट्टीखालून उजेड दिसला. हेड वाकलं होतं, मशीनवर घासून सपाट करून आणायला हवं होतं. ते फेसिंगवाल्याकडे पाठवायचं म्हणून त्याने नेहमीसारखी अणकुचीदार सळीने जागा कोरून ठेवली: एक लहानसं वर्तुळ, आत आडवी रेघ. ही खूण त्याची एकट्याची. मशीनवर एक थर निघाला की खूण निघून जायची. खूण गेली म्हणजे काम झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि तो दवाखान्यात जाऊन पडला. ऑपरेशन, तीन रात्री बाकावर. धाकटा रोज दोन वेळचा डबा घेऊन यायचा, वहिनीच्या उशाशी बसायचा, तिला हसवायचा. चौथ्या दिवशी वैद्य तासाभरासाठी गॅरेजात आला तर हेड ब्लॉकवर बसलेलंही होतं, बोल्ट नुसते बोटांनी फिरवून ठेवलेले. "फेसिंग करून आणलं," धाकटा म्हणाला. "सगळं मी बसवलंय. पण बोल्ट तूच आवळ दादा. शेवटचा हात तुझाच पाहिजे." तीन रात्री न झोपलेल्या माणसाला असं कुणी म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. त्याने पाना घेतला. धाकटा आकडे म्हणत गेला आणि तो ओढत गेला. तीन फेऱ्या. मान वळवली नाही.

हेड उचलून त्याने बाकावर उलटं ठेवलं. जुनं गास्केट तिसऱ्या सिलिंडरपाशी जळून काळं पडलं होतं, पाण्याच्या वाटेपासून सिलिंडरपर्यंत केसाएवढा ओघळ गेलेला. पत्र्याच्या पात्याने त्याने हेडवरची पुटं हलकेच खरवडली आणि फडक्याने पुसलं. पुसल्यावर तिथे ते होतं. लहानसं वर्तुळ, आत आडवी रेघ. रेघेचं एक टोक जरा वर गेलेलं, कारण तो नेहमी तशीच ओढायचा.

त्याला पहिल्यांदा आनंद झाला. हे नंतर त्याला फार दिवस खात राहिलं, पण खरं तेच होतं. आधी आनंद झाला, छातीत एकदम मोकळं वाटलं, हात चुकला नव्हता, हात कधी चुकलाच नव्हता. त्याने उजवा हात उलटा सुलटा करून पाहिला, बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे बघावं तसा. आणि मग दुसरी गोष्ट येऊन पोचली. तो स्टूल शोधत मागे सरकला आणि स्टूल नव्हतं म्हणून चाकाला टेकून खालीच बसला, कोरड्या वर्तमानपत्रांवर. हेड फेसिंगला गेलंच नव्हतं. ठीक आहे. काम चुकवलं, खोटं सांगितलं, माणूस करतो. पण तो आकडे म्हणत होता. वाकडं हेड आहे हे ठाऊक असताना समोर उभा राहून एकेक आकडा म्हणत होता, आणि आवाज जराही हलला नव्हता. आणि नंतर तीन वेळा गाडी आली तेव्हा शेजारी उभा होता. होज बदलताना, टोपी बदलताना, पंप बदलताना टॉर्च धरून उभा होता. खांद्यावर हात ठेवून वय झालं म्हणाला होता. गादी बसवून आणली होती. सकाळचं ते "हात लावू नकोस" त्याच्या कानात पुन्हा वाजलं, आणि त्यातली माया आता वेगळीच ऐकू आली. वैद्याला वाटलं, आपण गळती बाहेर शोधत फिरलो आणि जन्मभर ज्याच्या जिवावर मान वळवली नाही तो इथे दोन हातांवर उभा होता. डब्याचं काय करायचं, ते तीन दिवसांचे डबे, ते खरे होते की नव्हते, हे काही केल्या ठरेना. बहुधा खरेच होते. तेच तर सहन होईना.

दारात स्कूटर थांबली. धाकटा आत आला, हातात सामानाचा खोका. त्याची नजर आधी खिळ्याकडे गेली, मग उघड्या गाडीकडे, मग बाकाकडे. तो बाकापर्यंत चालत आला आणि हेडकडे बघत उभा राहिला. खोका खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

"फेसिंगवाल्याकडे आठवड्याची रांग होती," तो म्हणाला. "बाईंना रविवारी वडिलांना घेऊन जायचं होतं. तू तिकडे वहिनींपाशी. मी पट्टी लावली, फट अगदीच बारीक होती. म्हटलं नव्या गास्केटमध्ये बसून जाईल."

"बोल्ट मला का आवळायला लावलेस?"

धाकट्याने खोका दुसऱ्या हातात घेतला.

"नंतर तरी सांगायचंस."

"सांगणार होतो दादा. खरंच सांगणार होतो. पण त्या दिवशी तूच म्हणालास, माझा हात चुकला असणार." तो थांबला. "तूच म्हणालास. मग मला..."

"मग तुला सोपं गेलं."

"हो," धाकटा म्हणाला. एवढं एक त्या दिवसात तो खरं बोलला.

वैद्याला ओरडायचं होतं. ओरडायला तोंड उघडलं तर, "मी रोज सकाळी पेला धरून उभा राहायचो रे," एवढंच बाहेर आलं, आणि तेही धाकट्याला कळणार नव्हतं, कारण पेल्याचं त्याला कुठे माहीत होतं. धाकट्याने खोका ठेवला, उलटं हेड फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाला, "आत्ता घेऊन जातो. समोर उभा राहून करून आणतो." स्कूटर गेल्यावर तो जेवायला घरी गेला. बायको वाढताना सहज म्हणाली, "भावजींना विचारा, रविवारी जेवायला येताय का. बरेच दिवसांत आले नाहीत." तो हं म्हणाला. पाण्याचा पेला उजव्या हाताने उचलला आणि पाणी सांडलं. बायकोने पुसून घेतलं.

फेसिंगवाल्याने हेड परवावर टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला, आणि पुढच्या खुर्चीजवळ वैद्यच उभा असल्यामुळे त्यानेच घेतला. धाकटा तेव्हा दारातून आत येत होता, हातात फडक्यात गुंडाळलेलं हेड. बाईंनी विचारलं, "सापडलं का काय होतं ते?" आता एक वाक्य बोललं की झालं असतं. किल्ली पुन्हा योग्य हातात पडली असती, बाईंना कळलं असतं, चार गिऱ्हाइकांना कळलं असतं. वैद्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा जागच्या जागी थांबला होता.

"सापडलं बाई," तो म्हणाला. "आमच्याकडूनच राहिलं होतं. तुमच्या वडिलांना सांगा, चूक आमची होती. संध्याकाळी गाडी घेऊन जा."

त्याने फोन ठेवला. धाकट्याचे खांदे खाली आले. तो पुढे आला, बाकावर हेड ठेवलं, फडकं बाजूला केलं. घासलेला पृष्ठभाग सरळ, पांढरा, चकचकीत. वर्तुळ कुठे नव्हतं. "दादा," तो म्हणाला, "मी आकडे म्हणतो. तू आवळ." आणि भिंतीवरून पाना काढून त्याने तो दोन्ही हातांनी पुढे धरला, वैद्याच्या बाजूला.

वैद्याने पाना घेतला आणि बाकावर ठेवला. खालचा खण उघडून स्टीलची पट्टी काढली, बाबांची, आणि फटी मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा. पट्टी फडक्याने पुसून त्याने ती हेडवर आडवी टेकवली आणि खाली वाकून डोळा लावला. धाकटा समोरच उभा होता. तीस वर्षांत पहिल्यांदा वैद्य त्याने हातात दिलेली वस्तू मोजत होता, आणि दोघांनाही ते कळत होतं. सगळ्यात पातळ पातं पट्टीखाली सरकवून पाहिलं. उभं, आडवं, दोन्ही तिरके कोन, सगळ्यात शेवटी तिसऱ्या सिलिंडरपाशी. पातं कुठेच आत गेलं नाही. पट्टीखालून उजेडाचा कणसुद्धा दिसत नव्हता.

हेड सरळ होतं. त्याने पट्टी उचलली, पुसली आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.